शेवटच्या रांगेपर्यंत शब्द

पिकं घरात आली, थंडी पडली, की सातपुड्याच्या पायथ्याला आणि आतल्या पाड्यांवर रात्रीचे खेळ उभे राहतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर, तळोदा, अक्कलकुवा या पट्ट्यात रोडाली आणि सोंगाड्या पार्टी ही आदिवासी लोकनाट्यं आजही गर्दी खेचतात. मावची, देहवाली अशा भिली बोलींमधले संवाद, मधूनमधून गाणं आणि नाच, ढोलाची साथ, स्त्रीवेशातले पुरुष नट. संवाद बरेचसे तिथल्या तिथे रचलेले, त्यामुळे एक वाक्य निसटलं तर त्यावरचा पुढचा विनोदही निसटतो. पूर्वी हे सगळं उघड्या घशावर चालायचं. आता माईक, मिक्सर आणि स्पीकर आले आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक गैरसमजही आला आहे: आवाज जितका मोठा, तितका खेळ चांगला ऐकू जातो.

प्रत्यक्षात उलटं होताना दिसतं. मैदान दणाणून जातं आणि मागे बसलेली म्हातारी शेजारणीला विचारते, ‘काय म्हणाला तो?’ नाटकाला लागणारी ध्वनियंत्रणा आणि लग्नाच्या वरातीला लागणारी यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरातीत ठेका पोचला की काम झालं. नाटकात शब्द पोचला पाहिजे, आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे. यंत्रं निवडताना, लावताना, त्यांचे नॉब फिरवताना एवढं एकच माप हाताशी ठेवलं तर निम्म्या चुका टळतात.

आधी यंत्राविना काय होतं ते पाहू. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातली थरथर. ती चहूकडे पसरते, आणि पसरताना विरळ होत जाते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. समजा, तयारीचा नट खणखणीत बोलतो आहे आणि त्याच्यापासून १ मीटरवर ७५ डेसिबल भरतात. २ मीटरवर ६९, ४ मीटरवर ६३, ८ मीटरवर ५७, १६ मीटरवर ५१ आणि ३२ मीटरवर ४५. आडबाजूच्या पाड्यावर निवांत रात्री आसपासचा आवाज चाळीसच्या आत असतो, तेव्हा १६ मीटरवरचा माणूस आरामात ऐकतो आणि ३२ मीटरवरचा कान देऊन ऐकतो. पण मंडपामागे जनरेटर सुरू असेल, पोरं रडत असतील, चहाच्या गाडीवर स्टोव्ह फरफरत असेल, तर आसपासचाच आवाज पन्नासच्या पुढे जातो. मग १६ मीटरवर शब्द बुडतो. म्हणून ध्वनियंत्रणेचं पहिलं काम कुठल्याही यंत्राला हात न लावता करायचं असतं. जनरेटर पन्नास-साठ मीटर लांब, एखाद्या घराच्या किंवा बांधाच्या आडोशाला न्यायचा. यात वायर जास्त लागते, पण जो फायदा होतो तो महागड्या स्पीकरनेही होत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यगृहाच्या बांधणीवर आहे. माणसांसाठी ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असं मध्यम मापाचं नाट्यगृह तो योग्य ठरवतो. कारणही देतो: जागा याहून मोठी झाली तर उच्चार अस्पष्ट होतात आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. लांबीचे दोन भाग, एक नटांचा, एक प्रेक्षकांचा. हात दीड फुटाचा धरला तर प्रेक्षकांच्या वाट्याला ३२ हात, म्हणजे ४८ फूट, म्हणजे साधारण साडेचौदा मीटर लांबी येते. वरच्या हिशेबात उघडा आवाज आरामात पोचण्याची मर्यादा १६ मीटरच्या आसपास निघाली होती. डेसिबल हे एकक विसाव्या शतकातलं. त्याच्या कितीतरी आधी कुणीतरी प्रेक्षकांत मागे जाऊन बसलं होतं आणि कान देऊन हे माप काढलं होतं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्याच अध्यायात नाट्यगृह डोंगरातल्या गुहेसारखं असावं, खिडक्या लहान असाव्यात, वाऱ्याचा झोत आत येऊ नये म्हणजे आवाज भरदार राहतो, असंही सांगितलं आहे.

सपाट मैदानात आणखी एक अडचण असते. नटाचा आवाज पुढच्यांच्या डोक्यांवरून घासत जातो, आणि माणसाचं शरीर, कपडे, पांघरुणं ध्वनी चांगलाच शोषतात. ग्रीसमधल्या एपिडॉरसचं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं रंगमंडल डोंगरउतारावर पायऱ्या काढून बांधलेलं आहे. तिथे प्रत्येक माणसाचे कान पुढच्याच्या डोक्याच्या वर राहतात. धडगाव-अक्कलकुव्याकडे उतारांना तोटा नाही. नट खाली सपाटीवर आणि प्रेक्षक उतारावर बसवले तर फुकटात काही डेसिबल पदरात पडतात. उलट केलं, नट उंच ओट्यावर आणि लोक खालच्या सपाट शेतात, तर ओटा निदान चार-पाच फूट तरी हवा.

हवेचाही हात असतो. शून्य अंशाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३३१ मीटर जातो, आणि तापमान एका अंशाने वाढलं की वेग ०.६ मीटरने वाढतो. नंदुरबारच्या उन्हाळ्यात ४० अंशांना तो ३५५ होतो, तर डाब किंवा तोरणमाळच्या थंडीत ३३५ च्या आसपास उतरतो. वेगातल्या या फरकामुळे ध्वनी वळतो. दुपारी जमीन तापलेली आणि वरची हवा त्या मानाने गार असते, तेव्हा आवाज वर उचलला जातो आणि लांबच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातो. निरभ्र रात्री उलटं: जमिनीलगतची हवा आधी गार होते, वरची उबदार राहते, आणि वर निघालेली लाट पुन्हा जमिनीकडे झुकते. रात्रीचा ढोल पलीकडच्या डोंगरावरच्या पाड्यात ऐकू येतो तो केवळ शांततेमुळे नव्हे. काठी गावच्या राजवाडी होळीला पहाटेपर्यंत वाजणारे ढोल दूरवर जातात त्यातही या थंड हवेचा वाटा असतो. रात्रभर खेळ करण्यामागे शेतीच्या वेळापत्रकाचं कारण आहेच. पण रात्र नटाच्या बाजूने उभी असते हेही खरं. दुपारच्या कार्यक्रमाला लावलेला स्पीकरचा आवाज रात्री त्याच आकड्यावर ठेवला की खेळ उगाच कर्कश होतो, त्याचं कारण इथे आहे.

आता यंत्रांकडे येऊ. साखळी साधी आहे: माईक हवेच्या थरथरीचा विजेचा बारीक प्रवाह करतो, मिक्सर त्याला सांभाळतो आणि गाळतो, अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे आपल्याकडची ‘मशीन’, त्याला ताकद देतो आणि स्पीकर पुन्हा हवा हलवतो. या चौघांत सगळ्यात जास्त लक्ष मशीनच्या वॅटवर जातं आणि सगळ्यात कमी माईकवर. खरं तर हे उलट व्हायला हवं. १०० वॅटच्या जागी २०० वॅटची मशीन आणली तर वाढ होते फक्त ३ डेसिबलची, जेमतेम जाणवेल एवढी. आवाज कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. पण वरून टांगलेला माईक नटाच्या तोंडापासून चार फुटांवर होता तो दोन फुटांवर आणला, की ६ डेसिबल मिळाले. मशीनची ताकद चौपट केल्याइतका हा फायदा आहे, आणि त्याला एक दोरी खाली सोडण्यापलीकडे खर्च नाही.

माईकचे दोन मुख्य प्रकार. डायनॅमिक माईकमध्ये पडद्याला जोडलेली तारेची गुंडाळी चुंबकाच्या क्षेत्रात हलते. हा दणकट असतो, धूळ, थंडी, आपटणं सोसतो, त्याला वेगळी वीज लागत नाही. हातात धरायचा किंवा स्टँडवर लावायचा माईक बहुधा हाच. कंडेन्सर माईकमध्ये पातळ पडदा आणि त्यामागची पट्टी यांतल्या अंतराचा खेळ असतो. तो लांबचं आणि बारीक टिपतो, पण त्याला मिक्सरकडून ४८ व्होल्ट द्यावे लागतात आणि दंवाचा त्रास होतो. रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवायचे चपटे माईक, वरून टांगायचे माईक, गालाला लावायचे बारीक माईक हे बहुतेक कंडेन्सर असतात. उघड्यावर पहाटे दंव पडतं तिथे दोन डायनॅमिक माईक नेहमी तयार ठेवलेले बरे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे माईक कुठून ऐकतो. काही माईक चारी बाजूंनी सारखं ऐकतात. कार्डिऑइड प्रकारचा माईक समोरचं चांगलं, बाजूचं कमी आणि पाठीमागचं फारच कमी ऐकतो. नाटकाला हाच हवा. त्याची पाठ ढोलवाल्यांकडे आणि तोंड नटाकडे केलं की ढोल आपोआप मागे सरतो. ढोलाला स्वतःला माईकची गरज नसते. तो नटाच्या माईकमध्ये शिरतो हीच डोकेदुखी असते. मिक्सरवर शंभर-सव्वाशे हर्ट्‌झच्या खालचं कापण्याचं बटण असतं, ते नटांच्या माईकला दाबून ठेवायचं. ढोलाचा घुमारा, स्टँडवर पाय आपटल्याचा धक्का आणि वाऱ्याची घरघर यांचा बराचसा भाग त्या एका बटणाने जातो. वाऱ्यासाठी माईकवर स्पंजची टोपी हवीच. ती हरवली तर जाड सुती कापडाचा एक पदर बांधला तरी काम भागतं.

माईक शिट्टी का मारतो? स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, मशीन तो वाढवते, तो पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो. या फेरीत जो सूर प्रत्येक वेळी थोडा वाढत जातो तो क्षणात किंचाळतो. म्हणजे शिट्टी ही मशीन बिघडल्याची खूण नाही. माईक नटापासून लांब आणि स्पीकरच्या जवळ गेला आहे एवढाच तिचा अर्थ. उपाय अंतरांत आहेत: नट माईकच्या जवळ, स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. माईकची संख्याही इथे आड येते. उघडे माईक दुप्पट केले की शिट्टीपूर्वी मिळणारा वाव सुमारे ३ डेसिबलने घटतो. चार माईक उघडे ठेवून दोनच नट बोलत असतील तर दोन माईक फुकट शत्रुत्व करत असतात. ज्याच्या समोर कुणी नाही त्या माईकचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढणं, हेच नाटकाच्या साउंडवाल्याचं रात्रभराचं खरं काम, आणि त्यासाठी त्याला खेळ पाठ असावा लागतो. मंडपवाल्याबरोबर आलेला नवखा मुलगा हे करू शकत नाही, त्यात त्याचा दोष नाही. पार्टीतल्याच एकाला मिक्सरवर बसवावं, असं माझं ठाम मत आहे.

मिक्सरवर ‘गेन’, म्हणजे माईकचा आवाज आत किती वाढवून घ्यायचा तो नॉब, आधी लावायचा. नट सगळ्यात मोठ्याने ओरडेल तेव्हा लाल दिवा लागणार नाही इतपत तो ठेवायचा, मग फेडरने कमी-जास्त करत राहायचं. गेन जास्त झाला की आवाज फाटतो आणि पुढे काहीही करून तो जुळत नाही. बास आणि ट्रेबलचा अर्थही नीट समजून घेण्यासारखा आहे. बोलण्यातली ताकद स्वरांत असते, आणि ती मुख्यतः हजार हर्ट्‌झच्या खाली. अर्थ मात्र व्यंजनांत असतो, आणि त्यांची ओळख दोन ते सहा हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात पटते. ‘पान’, ‘कान’, ‘तान’ यांत स्वर एकच आहे, फरक पहिल्या निमिषातल्या त्या बारीक फटकाऱ्याचा. बास वाढवला की आवाज भारदस्त होतो आणि पान-कान एक होऊन जातात. आणि ‘एको’चा नॉब! त्याचा मोह आपल्याकडे फार आहे. देवाच्या आकाशवाणीला तो क्षणभर शोभतो. संवादावर मात्र तो आधीच्या शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर टाकतो. संवादाच्या माईकवर एको शून्य असावा, यात तडजोड नको.

स्पीकरच्या बाबतीत भोंग्याला आज सगळे हसतात. कर्ण्याच्या आकाराचा हा स्पीकर, पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत हजारो लोकांसमोर वाजवून दाखवला त्या वंशातला. गावोगावच्या मंडपवाल्यांकडे, १९४० पासूनच्या अहुजा कंपनीच्या मशिनीबरोबर, तो कित्येक वर्षं राबला. तो अंदाजे ३०० ते ५-६ हजार हर्ट्‌झ एवढंच वाजवतो, म्हणून गाणं त्याच्यावर पत्र्यासारखं लागतं. पण बोलण्यातली व्यंजनं नेमकी त्याच पट्ट्यात बसतात. शिवाय तेवढ्याच वॅटमध्ये तो साध्या पेटीच्या स्पीकरपेक्षा दहा-पंधरा डेसिबल जास्त देतो आणि ते एका दिशेने नेमकं फेकतो. वीज तोकडी असलेल्या पाड्यावर निव्वळ संवादासाठी दोन चांगले भोंगे दोन मोठ्या बास पेट्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. आवाज गोड हवा आणि शब्दही हवा असेल तर उभा कॉलम स्पीकर घ्यावा. त्यात लहान स्पीकर एकावर एक रचलेले असतात. तो आडवा रुंद पसरतो आणि वर-खाली कमी, त्यामुळे आवाज आभाळात किंवा छताकडे वाया जात नाही. १९९२ च्या सुमारास फ्रान्सच्या क्रिस्तियान हाइल यांनी मोठ्या मैफलींसाठी आणलेल्या लाइन अ‍ॅरेचं मूळ तत्त्व हेच आहे.

कुठलाही असो, स्पीकर बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर, आठ-नऊ फुटांवर, किंचित खाली झुकवून लावायचा. पहिल्या रांगेच्या कानाशी जमिनीवर ठेवलेली पेटी पुढच्यांना बहिरं करते आणि मागच्यांना काहीच देत नाही.

मैदान लांब असेल तर मागे आणखी एक जोडी लावायचा मोह होतो. इथे वेग आडवा येतो. पुढचा स्पीकर मागच्याहून ३४ मीटर लांब असेल, तर मागच्या माणसाला जवळच्या स्पीकरचा शब्द लगेच ऐकू येतो आणि पुढून तोच शब्द एक दशांश सेकंदाने पुन्हा येतो. सगळं भाषण दुहेरी. जर्मनीत हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं की दोन आवाजांतलं अंतर साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत असलं तर कान त्यांना एकच मानतो आणि आधी आलेल्या आवाजाच्या दिशेलाच बोलणारा आहे असं समजतो. म्हणून डिजिटल मिक्सरवर मागच्या स्पीकरला तेवढा उशीर द्यायचा, वर दहा-पंधरा मिलिसेकंद जास्त. मग मागच्या माणसाला शब्द स्पष्ट ऐकू येतो आणि तरी तो समोरच्या नटाच्याच तोंडून आल्यासारखा वाटतो. अशी सोय नसेल तर दुसरी जोडी पहिलीपासून दहा मीटरच्या पलीकडे नेऊ नये.

बंद जागेत शत्रू बदलतो. नंदुरबार शहरात छत्रपती शिवाजी महाराज नाट्यमंदिर आहे, पण जिल्ह्यातले बहुतेक शालेय आणि हौशी प्रयोग शाळा-आश्रमशाळांच्या सभागृहांत होतात: सिमेंटच्या भिंती, फरशी, वर स्लॅब. तिथे आवाज विरत नाही, भिंतींवरून परत परत येत राहतो. हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून एका व्याख्यानगृहात रात्री-अपरात्री खुर्च्यांच्या गाद्या आत-बाहेर नेऊन हा घुमारा किती वेळ टिकतो ते मोजलं आणि त्याचं सूत्र काढलं: घनमीटरमधलं आकारमान गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. २० मीटर लांब, १२ रुंद, ५ उंच खोली घेऊ. आकारमान १२०० घनमीटर. सगळे पृष्ठभाग मिळून ८०० चौरस मीटर, आणि कडक प्लास्टर जेमतेम ४ टक्के शोषतं, म्हणजे ३२. घुमारा सहा सेकंदांचा! अशा खोलीत रिकामी तालीम करून कुणीही हताश होईल. प्रयोगाला २०० माणसं आली की शोषण सुमारे ८० ने वाढतं आणि घुमारा १.७ सेकंदांवर येतो. संवादाला तो सेकंदाच्या आसपास हवा. मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर १०० चौरस मीटर जाड पडदे, सतरंज्या, गोधड्या टांगल्या, भिंतीला न चिकटवता थोडं अंतर ठेवून, तर तो १.२ पर्यंत उतरतो. सॅबिनच्या गाद्या आणि आपल्या गोधड्या एकच काम करतात. अशा खोलीत मशीन वाढवणं म्हणजे घुमारा वाढवणं. स्पीकर लहान, प्रेक्षकांच्या जवळ आणि भिंतींपासून दूर वळवलेले हवेत.

वायरींबद्दल थोडक्यात. लांबच्या माईकला तीन पिनांची एक्सएलआर वायर वापरायची. तिच्या दोन तारांतून तोच संदेश उलटसुलट जातो, वाटेत शिरलेली खरखर दोन्हींत सारखी असते आणि मिक्सरपाशी वजा होते. माईकची वायर विजेच्या वायरीला समांतर नेऊ नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात. सतत ‘हूं’ ऐकू येत असेल तर तो बहुधा विजेचा ५० हर्ट्‌झ असतो, आणि मिक्सर-मशीन एकाच बोर्डावर घेतलं की बऱ्याचदा जातो. तो घालवण्यासाठी अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नये. ओल्या जमिनीवर, अनवाणी, लोखंडी माईक हातात धरून नट उभा असतो. मशीन सगळ्यात शेवटी चालू करायची आणि सगळ्यात आधी बंद.

कायदाही ध्यानात हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पहाटेपर्यंत चालणाऱ्या खेळाला हे जाचक वाटेल, पण मी त्याकडे वेगळं पाहतो. बारानंतर मशीन बंद झाली तरी थंड रात्र, उतार आणि जवळ सरकलेले लोक शिल्लक असतातच. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं तेव्हा आणि पुढची कित्येक दशकं मराठी नटांनी उघड्या गळ्यानेच नाट्यगृहं भरली. सोंगाड्या पार्टीच्या जुन्या नटांकडे आवाजाची ती फेक अजून आहे. नव्या पोरांना माईक देण्याआधी ती शिकवली पाहिजे, कारण माईक पुटपुटणं मोठं करतो, स्पष्ट करत नाही.

राहिली चाचणी. ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हणून काही कळत नाही, कारण ते शब्द ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतात. पार्टीबाहेरच्या एखाद्या मुलाला वही-पेन्सिल देऊन शेवटच्या रांगेच्या जागी, कडेला बसवावं. नटाने आपल्या नेहमीच्या जागेवरून, ढोल चालू असताना, एकमेकांशी संबंध नसलेले वीस सुटे शब्द म्हणावेत आणि मुलाने ऐकू येतील तसे लिहावेत. सतरा-अठरा बरोबर आले तर खेळ सुरू करायला हरकत नाही. बारा-तेराच आले तर मशीन न वाढवता आधी माईक जवळ घ्यावा, बास उतरवावा, स्पीकरचं तोंड वळवावं आणि नवे वीस शब्द घेऊन पुन्हा विचारावं.